धागा: बाळदमा, हातावरचं पोट आणि भाषेची आडकाठी (सांगली, मिरज, जत)

कृष्णाकाठ

सांगली जिल्ह्यातली दम्याची मुलं एका भाषेत वाढत नाहीत. जतच्या पूर्वेला उमदी, संख भागात घरात कन्नड चालते. मिरजेत कितीतरी घरांत दखनी, बंजारा तांड्यावर गोरमाटी, कुपवाडच्या एमआयडीसीत आणि विट्याच्या यंत्रमागांवर बाहेरून आलेल्यांची हिंदी. डॉक्टर बोलतात मराठीत, चिठ्ठी लिहितात इंग्रजीत, आणि मुलाला प्रत्यक्ष पंप (इनहेलर) देणारी बाई यातली एकही भाषा नीट वाचत नसते. तिला हे औषध कशाचं, किती दिवस आणि कसं हे कळतं की नाही, यावर बाकी सगळं उभं आहे.

२०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांच्या आसपास इथले आहेत. रुग्ण आणि मृत्यू यांतली ही तफावत रोगाच्या तीव्रतेने एकट्याने समजावता येत नाही. निदान उशिरा होतं, रोजचं औषध सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन सुटतं, आणि जे दिलं जातं ते चुकीच्या पद्धतीने दिलं जातं. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत छातीत घरघर असणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांचं दमा म्हणून निदानच झालेलं नव्हतं.

भाषा आणि जमातीनुसार उपचार कसे बदलतात यावर अमेरिकेत भरपूर काम झालंय. तिथे पोर्टोरिकन वंशाच्या मुलांत दम्याचं प्रमाण सर्वाधिक आढळतं आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांत बरंच कमी. दोघांच्याही घरात स्पॅनिश. म्हणजे भाषा हे एकच कारण धरून चालणार नाही. आनुवंशिकता, घर, धूर, विमा, दवाखान्याचं अंतर हे सगळं त्यात येतं. सालब्युटामॉल ओढल्यावर श्वासनळ्या किती मोकळ्या होतात, यातही या दोन गटांत फरक आढळला आहे. तरीही भाषेमुळे जे अडतं ते त्यातल्या त्यात स्वस्तात दुरुस्त होणारं आहे, म्हणून हा धागा.

जाणकारांनी आपापल्या कामातलं नेमकं लिहावं ही विनंती. मोघम सल्ले नकोत.

सीमेवरचा

पहिली गळती निदानाच्या आधीच होते. "मुलाला दमा आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, मग घरची भाषा कोणतीही असो. दमा म्हाताऱ्याला होतो, मुलाला फक्त "कफ होतो" किंवा "छाती भरते" असं लोक धरून चालतात. मुलगी असेल तर पुढे लग्नाला अडचण येईल म्हणून तो शब्द घरात उच्चारतही नाहीत. त्यामुळे आजाराचं नाव विचारूच नये, लक्षण विचारावं. पहाटे तीन-चारला खोकून उठतो का? पळाल्यावर, हसल्यावर, रडल्यावर खोकला येतो का? सर्दी झाली की ती दहा दिवसांच्या पुढे छातीत राहते का? वर्षात किती वेळा मशीनची वाफ (नेब्युलायझर) घ्यायला न्यावं लागलं? आजी-आजोबा, आई-बाप, मामा-आत्या यांत कुणाला दमा, ॲलर्जीची सर्दी, अंगावर खाज? कन्नड घरात "केम्मु" म्हणून खोकल्याबद्दल विचारलं तर सविस्तर माहिती मिळते. "उब्बस", म्हणजे दमा, म्हटलं की माणसं गप्प होतात.

याहून पक्का उपाय व्हिडिओचा. मुलांच्या दम्याचा जगभर अभ्यास करणाऱ्या ISAAC प्रकल्पाने, म्हणजे आयझॅकने, लेखी प्रश्नांच्या जोडीला दम लागलेल्या माणसांची चित्रफीत दाखवून "तुझं असं होतं का?" असं विचारायची पद्धत वापरली होती. कारण घरघर म्हणजे काय, हे प्रत्येक भाषेत वेगळं समजलं जातं. आपल्याकडे उलट बाजूने हेच करता येतं. आईला सांगायचं की रात्री त्रास होईल तेव्हा मुलाचा सदरा काढून, दिवा लावून, गळ्यापासून बेंबीपर्यंत दिसेल असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढ. टीव्ही आणि पंखा बंद, म्हणजे आवाज येतो. सकाळी दवाखान्यात पोचेपर्यंत छाती मोकळी झालेली असते आणि डॉक्टरांना काहीच ऐकू येत नाही. त्या वेळी हा व्हिडिओ कुठल्याही दुभाष्यापेक्षा जास्त सांगतो.

संपादक मंडळ

जतचा उल्लेख आला की चर्चा सीमाप्रश्नाकडे वळते, तशी इथे वळवू नये. त्यासाठी वेगळा धागा आहे.

बालविभाग_सिस्टर

स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची नळी, वापरताना जे चुकतं ते सविस्तर लिहिते, कारण बरंच औषध इथेच वाया जातं.

मुलाला ताठ बसवा, लहान असेल तर मांडीवर. टोपण काढून पंपाच्या तोंडात डोकावून बघा. खिशातल्या पंपात चिंचोका, मणी, कागदाचा बोळा अडकलेला असू शकतो. नवा पंप असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर दोन-तीन फवारे हवेत मारा. पंप चांगला हलवा, मग स्पेसरला लावा. चार वर्षांखालच्या मुलाला मास्क लागतो आणि तो नाक-तोंड दोन्ही झाकून गालाला घट्ट बसला पाहिजे. एका बाजूला करंगळीएवढी फट राहिली तरी औषध बाहेर जातं. मास्क बसल्यावर एकच फवारा मारा आणि मुलाला संथपणे पाच-सहा श्वास घेऊ द्या. स्पेसरची झडप हलताना दिसते, तीच मोजायची. मग अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून, दुसरा फवारा. दोन फवारे एकदम मारले तर थेंब एकमेकांना चिकटून जड होतात, स्पेसरच्या भिंतीवर बसतात आणि मुलाला कमी औषध मिळतं. "लवकर उरकावं" म्हणून हे सर्रास केलं जातं.

रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर मास्क दाबून धरला की औषध छातीत जातं हा गैरसमज आहे. रडताना श्वास बाहेर लांब सोडला जातो, आत ओढला जातो तो झटक्यात, आणि औषध घशातच राहतं. आधी रिकामा मास्क बाहुलीला, मग आईला, मग मुलाला लावून खेळवा. रोजचं औषध झोपेत द्यायचा मोह होतो, पण मास्क लागताच मूल जागं होऊन झटकतं.

स्पेसर धुणं हा दुसरा घोळ. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून बुडवा, बाहेर काढून तसाच निथळू द्या. आतून फडक्याने पुसू नका. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. नवा स्पेसरही याच कारणासाठी आधी धुवून घ्यायचा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायला लावा. लहान बाळाला पाणी पाजा आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसा. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, घरचे घाबरतात आणि औषधच बंद करतात.

हे सगळं शब्दांनी सांगण्यात अर्थ नाही. करून दाखवायचं, मग आईच्या हातात देऊन "आता तुम्ही दाखवा" म्हणायचं. "समजलं का?" या प्रश्नाला प्रत्येक भाषेत मान हलते.

औषधवाला_मिरज

सिस्टरताईंशी शंभर टक्के सहमत. दुकानाच्या बाजूने भर घालतो.

पंप दोन कामांचे असतात आणि घोळ इथूनच सुरू होतो. एक धाप लागल्यावर नळ्या मोकळ्या करणारा, सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉलचा. दुसरा रोजचा, आतली सूज कमी ठेवणारा, ब्युडेसोनाइड वगैरे स्टेरॉइडचा. पहिल्याने पाच-दहा मिनिटांत आराम पडतो, म्हणून तो "चांगला" ठरतो. दुसऱ्याचा गुण यायला दिवस-आठवडे लागतात, म्हणून तो "फुकट" ठरतो आणि पहिल्याच महिन्यात सुटतो. रंगावरून ओळखायला सांगू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि सरकारी पुरवठ्यात पुढच्या वेळी दुसऱ्याच कंपनीचा माल येतो. त्यापेक्षा रोजच्या पंपाला सूर्य-चंद्राची चिकटपट्टी लावा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ. धापेच्या पंपाला तोंड उघडून दम टाकणाऱ्या मुलाचं चित्र. भाषा कोणतीही असो, हे चालतं.

आता पावडरच्या कॅप्सूल. स्वस्त पडतात म्हणून लहान मुलालाही लिहून दिल्या जातात. ते यंत्र जोरात ओढल्याशिवाय चालत नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला तेवढा जोर नसतो, आणि धाप लागलेली असताना मोठ्यालाही जमत नाही. यंत्रात फुंकर मारली की ओल बसून पावडर चिकटते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली जाते. हे अडाणीपणाने होत नाही. कॅप्सूल गिळायची असते हेच आयुष्यभर माहीत असतं आणि चिठ्ठीवर वेगळं काही कळेल असं लिहिलेलं नसतं. काउंटरवर एक कॅप्सूल यंत्रात घालून, फिरवून दाखवली तर हा प्रकार थांबतो.

खोकल्याच्या सालब्युटामॉल सिरपचं गणित बघा. ५ मिलीत २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. एक चमचा सिरप म्हणजे वीस फवाऱ्यांएवढं औषध, तेही रक्तातून सगळ्या अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते, मूल झोपत नाही आणि छातीला आराम उशिरा पडतो. तरी पंपाला "सवयीचा" म्हणून नाकारून घरात ही बाटली ठेवतात. पंपाने सवय लागत नाही. दमा असेपर्यंत औषध लागतं आणि आटोक्यात आला की डॉक्टर ते कमी करत नेतात.

पाचट

बाकी पटतं, पण स्पेसर घ्यायचा कशाने? रोजंदारीवर जाणाऱ्या घरात पंप घेतल्यावर वर स्पेसरसाठी पैसे उरत नाहीत. भाषेवर एवढं बोलताय, पण मुळात पैसा आणि पुरवठा हाच प्रश्न आहे असं माझं मत. मराठी घरातल्या गरीब मुलाचेही हेच हाल आहेत.

बालविभाग_सिस्टर

@पाचट, स्पेसरसाठी अडून राहू नका. पाण्याच्या ५०० मिलीच्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसर चालतो. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला दम्याच्या मुलांवर याची रीतसर चाचणी झाली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती आली. जोड पक्का बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच कामाला आली. थर्माकोलचा कप मात्र कमी पडला.

कृती अशी: जाड प्लास्टिकची बाटली घ्या, चुरगळणारी नको. साबणाच्या पाण्यात बुडवून निथळवा, पुसू नका. पंपाच्या तोंडाचा घेर बुडावर पेनाने आखून घ्या. जाड तार बरोबर त्याच आकारात वाकवा, पक्कडीत धरून गॅसवर तापवा आणि बुडावर टेकवा. प्लास्टिक वितळून भोक पडतं. गरम असतानाच पंपाचं तोंड आत खुपसा, म्हणजे प्लास्टिक त्याला धरून बसतं आणि फट राहत नाही. राहिलीच तर बाहेरून गोंदाने बुजवा. सुरीने कापलेलं भोक नेहमी सैल होतं आणि तिथून फवारा उडतो. प्लास्टिक जळल्याचा वास पूर्ण जाईपर्यंत बाटली उघड्यावर ठेवा, एकदा धुवा, मग वापरा. मुलाने बाटलीच्या तोंडाला ओठ घट्ट लावून आतल्या आतच श्वास घ्यायचा आणि सोडायचा. झडप नसली तरी बिघडत नाही. तोंडाने श्वास घ्यायचं न कळणाऱ्या लहान मुलाला बाटलीच्या तोंडाशी मास्क जोडावा लागतो.

आणि वाफेच्या मशीनबद्दल: साध्या आणि मध्यम धापेत पंप अधिक स्पेसर मशीनएवढंच काम करतं. प्रत्येक वेळी वाफेसाठी रोजगार बुडवून गावाबाहेर जावं लागत नाही. हा पैशाचाच मुद्दा आहे.

गटप्रवर्तक_ताई

पाचटदादा, पैसा आणि भाषा वेगळे काढता येत नाहीत. काय फुकट मिळतं हेच ज्याला कळत नाही, त्याला ते विकतच घ्यावं लागतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार मोफत आहेत: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे असल्याने ती यात येत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुलाला दाखल केल्यावर कामाची, रोजच्या पंपासाठी तिची वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्या तपासणीच्या ३० आजारांच्या यादीत वारंवार छाती भरण्याचा आजारही आहे. पण पथकाला ते दिवसा, मूल हसत-खेळत असताना कळणार कसं? वर सांगितलेला व्हिडिओ त्या दिवशी दाखवा आणि संदर्भ चिठ्ठी मागून घ्या. रोजचा पंप केंद्रात संपला असेल तर तसं केसपेपरवर लिहून मागा. तोंडी मागणीचा हिशेब कुठेच लागत नाही. बाहेरून घ्यायचा तर आधी जनऔषधीत विचारा.

आता दुभाष्याचं. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या तपासणीच्या फक्त १३ भेटींमध्ये स्पॅनिश-इंग्रजी दुभाषांतराच्या ३९६ चुका सापडल्या, भेटीमागे सरासरी ३१. सर्वांत जास्त प्रकार गाळण्याचा होता. घरचा माणूस किंवा हाताशी आलेला कर्मचारी दुभाष्या झाला की उपचार बिघडतील अशा चुकांचं प्रमाण प्रशिक्षित दुभाष्यापेक्षा जास्त होतं. तिथे सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला भाषेची सोय करणं १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली येतं. आपल्याकडे बाहेर बाकावर बसलेल्या कुणालाही हाक मारली जाते.

त्यामुळे आहे त्यात नीट करायचं ते असं. आजारी मुलाला किंवा त्याच्या भावंडाला दुभाष्या करू नका. शाळेत जाणारी दहा वर्षांची बहीण मराठी छान बोलते म्हणून तिच्यावर टाकलं जातं, आणि "रोज, बरं वाटलं तरी" एवढे चार शब्द ती गाळते. नवरा बोलतो आणि बायको मागे उभी राहते असं असेल तर तिला पुढे बोलवा. पंप ती देणार, किंवा ती फडावर आणि मूल सासूकडे असेल तर सासू देणार. त्या भागातली कन्नड बोलणारी आशा फोनवर घ्या, फोन स्पीकरवर ठेवा, एका वेळी एकच वाक्य बोला आणि बघा आईकडे, फोनकडे नाही. शेवटी आईला तिच्या भाषेत सगळं परत सांगायला लावा आणि आशाने ते मराठीत सांगावं. मात्रा, किती वेळा, कधीपर्यंत, आणि कधी धावत यायचं या चार गोष्टी परत आल्या नाहीत तर भेट पूर्ण झालेली नाही. दहा मिनिटं जातात, खरंय, ओपीडीत रांग असते. तेव्हा निदान पहिल्या भेटीत आणि पंप बदलला त्या भेटीत तरी हे व्हावं.

छापील कागदाबद्दल: नुसतं कन्नड लिपीत छापून भागत नाही. जतमध्ये घरात कन्नड बोलून मराठी शाळेत शिकलेले पुष्कळ आहेत, त्यांना कन्नड बोली देवनागरीत लिहून दिलेली जास्त पटकन वाचता येते. कन्नड माध्यमाच्या शाळेतून आलेल्यांना कन्नड लिपीच लागते. आणि ज्यांना काहीच वाचता येत नाही त्यांच्या व्हॉट्सॲपवर त्यांच्याच बोलीतला एका मिनिटाचा आवाज. गोरमाटीला हाच मार्ग बरा.

तासगाव_शेड

आपल्या जिल्ह्यातल्या धुरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. दमा असलेल्याच्या श्वासनळ्या तो थोडासा लागला तरी काही मिनिटांत आवळतो. तासगाव, कवठेमहांकाळ भागात हंगामात निवडायला येणाऱ्या बायका मुलांना शेडवर आणतात, आणि धुरीची खोली उघडतात तेव्हा मुलं दाराशीच खेळत असतात. खोली उघडताना मुलांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब नेणं याला पैसा लागत नाही, फक्त मुकादमाला हे माहीत हवं. हळद पॉलिशच्या ड्रमची धूळ, गुऱ्हाळाचा धूर, पाचट पेटवलेली संध्याकाळ, वीटभट्टी, चुलीत तुराट्या: प्रत्येक घराचं कारण निराळं. "धुळीपासून लांब ठेवा" असा सल्ला वीटभट्टीवरच्या आईला देऊन काही उपयोग नाही. तिला विचारा, मूल झोपतं कुठे, चूल कुठे पेटते, वारा कुठून येतो. झोपायची जागा बदलणं बऱ्याचदा तिच्या हातात असतं.

ऊसतोडीचं गणित आधी करा. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, मार्च-एप्रिलला परतते. रोजच्या पंपाचे सकाळी दोन, संध्याकाळी दोन फवारे धरले तर दिवसाला चार. २०० फवाऱ्यांचा पंप ५० दिवस चालतो. पाच महिन्यांना तीन पंप लागतात आणि बहुतेकांना निघताना एकच मिळतो. जतहून बाहेर जाणाऱ्या आणि मराठवाड्यातून आपल्याकडे येणाऱ्या, दोन्ही टोळ्यांना हे लागू. पंप कोपीत (झोपडीत) चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. दाबाखालचा डबा आहे, तापला तर फुटतो. मडक्याच्या सावलीला, पण कोरड्या जागी. आणि केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये हवाच, कारण पुढचा डॉक्टर नवा, तालुका नवा.

श्वसन_तंत्रज्ञ

जमातीनुसार फरकाचा आणखी एक भाग यंत्रांतला. २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या अमेरिकी आकडेवारीत, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोक्याइतका कमी असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के निघालं. त्वचेच्या रंगामुळे यंत्र फसतं. आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या मुलांत "९४ आहे, घरी जा" हे आकड्यावर एकट्यावर ठरवू नये. नखपॉलिश आधी काढा, बोटाला मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट घ्या. ९२ च्या खाली असेल तर प्रश्नच नाही, दाखल. ओठ निळे दिसतात का हेही सावळ्या मुलात फसवं, जीभ आणि खालच्या ओठाची आतली बाजू उजेडात बघा.

फुंकणीच्या चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, 'सामान्य' किती हे आतापर्यंत वंशानुसार वेगळं धरलं जायचं. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश न धरता काढलेली सूत्रं वापरायची शिफारस केली. यंत्रात कुठलं सूत्र निवडलंय ते अहवालावर छापलेलं असतं, दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवण्याआधी ते पाहा. घरच्या पीक फ्लो मीटरचा (फुंकरीचा वेग मोजणाऱ्या छोट्या यंत्राचा) आकडा मात्र त्या मुलाच्या स्वतःच्या चांगल्या दिवसातल्या आकड्याशीच ताडायचा.

कृष्णाकाठ

फार मोलाची माहिती. स्टेरॉइडच्या भीतीबद्दल आणि मृगाला माशातून देतात त्या औषधाबद्दलही कुणी लिहा, दोन्ही प्रश्न सारखे येतात.

औषधवाला_मिरज

पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं. उंचीवर परिणाम होतो का, तर थोडा होतो आणि तो लपवू नये: अमेरिका-कॅनडातल्या एका अभ्यासात मुलांना चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड दिलं, मोठेपणी उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. दर महिन्याला धाप लागून झोप आणि शाळा बुडणं, वर्षात चारदा तोंडाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणं, हे त्याहून कितीतरी महागात पडतं. डॉक्टर कमीत कमी मात्रेवर आणतात ती याचसाठी.

खरी भीती पुडीची बाळगा. बिननावाची पावडर, "दमा मुळापासून" म्हणून मिळणारी, एका दिवसात झटकन आराम देत असेल तर त्यात स्टेरॉइडची गोळी कुटून घातल्याची शंका घ्या. तोंड गोल सुजतं, भूक वाढते, उंची थांबते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असतं, मूल कोसळू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. मृगाला हैदराबादला मिळणाऱ्या माशातल्या औषधासाठी ज्यांना जायचं ते जातातच. भांडण न करता एवढंच सांगावं की जाताना दोन्ही पंप बरोबर न्या आणि आल्यावर रोजचा पंप बंद करू नका.

सीमेवरचा

धावत कधी यायचं हे एका ठिकाणी हवं. बोलताना वाक्य तुटतं, बाळ दूध ओढता ओढता थांबतं, बरगड्यांच्या मधे आणि गळ्याखाली खड्डे पडतात, नाकपुड्या फुलतात, मूल सुस्त होतं. घरघर एकदम थांबली आणि मूल मात्र थकलेलं, तर ते बरं होणं नव्हे, हवाच आत जात नाहीये. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सालब्युटामॉल चालू ठेवा. किती फवारे ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पंप देऊन वीस मिनिटांत आराम नाही तर घरी वाट बघत बसू नका.

आणि प्रत्येक घरघर दमा नसते. शेंगदाणा खाताना ठसका लागून अचानक सुरू झाली तर तो नळीत अडकलेला असू शकतो. दोन आठवड्यांवर खोकला, वजन घटतंय, घरात कुणाला टीबी, तर आधी ती तपासणी.

शाळा_पटावर

शाळेत पंप ठेवायचा तर कुणाकडे? मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असतो. आणि तो संपलाय हे कळायचं कसं? पाण्यात टाकून बघतात म्हणे.

बालविभाग_सिस्टर

वर्गशिक्षकांच्या टेबलात, बिनकुलपाचा, स्पेसरसकट, मुलाचं नाव आणि फवाऱ्यांची संख्या लिहून. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाच्या तासाआधी दहा-पंधरा मिनिटं दोन फवारे. म्हणून मुलाला खेळातून वगळू नका. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त वेळा शाळेत पंप लागला तर ते घरी कळवा, रोजचं औषध कमी पडतंय किंवा दिलं जात नाहीये.

पाण्यात तरंगवून कळत नाही, उलट तोंडात पाणी जाऊन पंप बिघडतो. औषध संपल्यावरही गॅस उरतो आणि फवारा तसाच उडतो, म्हणून हलवूनही कळत नाही. मागे आकडा दाखवणारा पंप असेल तर प्रश्न नाही. नसेल तर रोजच्या पंपाच्या खोक्यावर सुरू केल्याची तारीख आणि त्यात ५० दिवस (२०० फवाऱ्यांचा पंप, दिवसाला चार फवारे धरून) मिळवून संपायची तारीख पेनाने लिहा, कॅलेंडरवरही त्या दिवसावर गोल करा. धापेच्या पंपाला शाळेत वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक फवाऱ्याला एक रेघ.